सुप्याचे कागद आणि आपलं दुसरं व्रत



मागच्या संवत्सरीला स्थानकात प्रतिक्रमण चालू होतं. बारा व्रतांचे अतिचार म्हणताना आपली गाडी कशी सुसाट सुटते, ते तुम्हाला ठाऊकच आहे. अर्थ मागे राहतो, जीभ पुढे. दुसऱ्या व्रतापाशी मात्र माझी जीभ अडखळली. शब्द होता 'कूडलेहकरणे'. सातव्या-आठव्या वर्षापासून म्हणत आलेला शब्द. अर्थ साधा आहे. कूड म्हणजे खोटा, लेह म्हणजे लेख. खोटा कागद करणे.

अडखळायला कारण होतं. ते आधी सांगते, कारण पुढचा सगळा इतिहास वाचायला त्यानंच मला बसवलं. घरात विचारूनच लिहिते आहे.

आखाडातली गोष्ट. इथे चऱ्होलीत आमचं सिमेंट-सळईचं दुकान आहे. दुपारी गल्ल्यावर मीच असते. गावातल्या जुन्या शेतकरी घरातल्या एक मावशी आल्या. हातात दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला कागद. म्हणाल्या, "भाभी, अकरा गुंठ्याची विसार पावती दिलीय म्हणं. माझी नात कालेजात गेलीय, तुम्ही वाचून सांगा." मी वाचायला घेतला. ती विसार पावती नव्हती. ते कुलमुखत्यारपत्र होतं, जमीन विकण्याच्या अधिकारासकट. ज्या फर्मच्या नावे होतं तिचे भागीदार खाली लिहिले होते. तिसरं नाव माझं. शेवटच्या पानावर, पेन्सिलीच्या फुलीशेजारी, सही माझी.

आपल्यापैकी कितीजणींच्या सह्या अशा फुल्यांशेजारी आहेत, मोजून पाहा. नवरा, दीर, भाचा कागद पुढे करतो, आपण एका हातानं पोळी उलटत दुसऱ्या हातानं सही करतो. टॅक्ससाठी नाव घातलंय, एवढंच आपल्याला माहीत.

संध्याकाळी विषय काढला. उत्तर मिळालं ते खोटं नव्हतं. मावशींना पैसे दिले होते, दर पाडून घेतलेला नव्हता, व्यवहार पुरा होईपर्यंत खेटे नकोत म्हणून सोयीचा कागद केला होता. "आणि नोटरी झालीय, सगळं कायदेशीर आहे." मावशींना विसार पावती का म्हणून सांगितलं, यावर मात्र कोणी बोललं नाही.

'सगळं कायदेशीर आहे' या वाक्यानं मला सुप्याची आठवण झाली.

सुपे आता बारामती तालुक्यात आहे, आपल्यापासून दोन-अडीच तासांवर. तेव्हा ते भीमथडी तालुक्यातलं मोठं बाजाराचं गाव होतं. १२ मे १८७५, बाजाराचा दिवस. आसपासच्या गावांतले कुणबी जमले आणि त्यांनी मारवाडी आणि गुजर सावकारांच्या घरांवर, दुकानांवर चाल केली. दुकानं लुटली गेली, एक घर जाळलं गेलं. पण लोकांना खरं हवं होतं ते कागद: कर्जरोखे, गहाणखतं, कोर्टाचे हुकूमनामे. कागद बाहेर काढायचे आणि भर रस्त्यात होळी करायची. पुढच्या दिवसांत हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावोगावी गेलं. बहुतेक ठिकाणी असं दिसलं की सावकारानं कागद मुकाट्यानं दिले की जमाव परत फिरायचा. माणसांना इजा फार कमी झाली. सरकारनं ९५१ जणांना धरलं.

शाळेत आपण याला 'दख्खनचे दंगे' म्हणून दोन मार्कांसाठी शिकलो. आमच्या घरी मात्र त्याची दुसरी गोष्ट सांगितली जायची. आपले पूर्वज लोटा-डोरी घेऊन मारवाडातून आले, उन्हातान्हात दुकान मांडलं, आणि एक दिवस लोकांनी लुटलं. तीही गोष्ट खोटी नाही. पण अर्धी आहे. ते सावकार सगळे जैन नव्हते, वैष्णवही होते. तरी पुणे-नगरकडच्या मारवाडी सावकारांत आपली घरं पुष्कळ होती, आणि हे आपण आपल्याच अंगणात बसून नाकारू नये.

ठिणगी सुप्याच्या आधी पडली होती. डिसेंबर १८७४, शिरूर तालुक्यातलं करडे गाव. काळूराम नावाच्या मारवाडी सावकारानं बाबासाहेब देशमुख नावाच्या ऋणकोवर दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला आणि त्याचं घर पाडायला घेतलं. हे कायदेशीर होतं. कोर्टाचा शिक्का होता. गावानं काय केलं? सावकारांना वाळीत टाकलं. त्यांच्या शेतात कोणी राबेना, पाणी भरेना, न्हावी दाढी करेना. आपल्यासारख्या बाईनं सकाळी दार उघडलं असेल आणि पाणक्या आलेलाच नसेल. त्या बाईचं नाव कुठल्या अहवालात नाही. तिला माहीत तरी होतं का, की तिच्या चुलीवरचं पाणी कुठल्या हुकूमनाम्यामुळे बंद झालं?

आता हे कागद असे काय होते, ते समजून घेऊ. हिशेब आपल्याला जमतो.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस बंद झाला, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शेतकऱ्याला मागेल तेवढं कर्ज मिळू लागलं. युद्ध संपलं, भाव कोसळले. त्यातच १८६७ पासून सरकारनं काही तालुक्यांत जमीनमहसूल बराच वाढवला, आणि तो रोख भरायचा. पीक येवो न येवो, हप्ता चुकला की जमीन जाणार. म्हणजे शेतकरी सावकाराकडे जायचा तो पुष्कळदा सरकारचा सारा भरायला. ही सरकारची बाजू लपवून सगळं खापर सावकारावर फोडणं मला पटत नाही. दुष्काळी साली बियाणं देणारा, लग्नाला उभा राहणारा तोच होता.

पण कागद बघा. १८५९ साली मुदतीचा कायदा आला. साध्या कर्जरोख्यावर तीन वर्षांच्या आतच दावा लावता येईल, असं ठरलं. हेतू चांगला होता, जुनी कर्जं पिढ्यान्‌पिढ्या मानगुटीवर बसू नयेत. झालं उलटंच. दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा करून घेऊ लागला आणि थकलेलं व्याज नव्या रोख्यात मुद्दल म्हणून लिहू लागला. समजा शंभर रुपये दिले, दरमहा शेकडा दोन रुपये व्याजानं. तीन वर्षांत व्याज ७२. नवा रोखा १७२ चा. आणखी तीन वर्षांनी २९५ च्या वर. नवव्या वर्षी ५०० च्या पुढे. आपल्याकडे दामदुपटीचा जुना नियम होता, व्याज मुद्दलापेक्षा जास्त वाढू द्यायचं नाही. पण तो लागणार तर एका कागदाला. कागदच नवा केला की नियमाला पुसायला काही उरत नाही. प्रत्येक रोखा स्वतंत्रपणे खरा. सगळे मिळून खोटे.

शिवाय शंभर लिहायचे आणि हातात कमी ठेवायचे. शेतकऱ्यानं हप्ता आणून दिला तर पावती द्यायची नाही. धान्य उसनं दिलं तर सवाईनं किंवा दिढीनं परत घ्यायचं. आणि ज्याच्यावर अंगठा किंवा नांगराची निशाणी घ्यायची, त्याला त्यातलं अक्षरही वाचता येत नाही. कोर्टात गेल्यावर न्यायाधीश कागद बघायचा. कागदात सगळं ठीक असायचं. हुकूमनामा व्हायचा. चौकशी आयोगापुढे रयतेच्या तक्रारी गेल्या, त्यांत हेच पुन्हापुन्हा आहे: वाचून दाखवलं एक, लिहिलं होतं दुसरं, फेडलं ते वहीत नाही.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. दुधाच्या पिशवीतला कागद डोळ्यांपुढे आला.

आपल्या धर्मानं यावर काय म्हटलंय? पुष्कळजणींना वाटतं, आपल्याकडे व्याजबट्टाच वाईट मानला आहे. तसं नाही. उपासकदशांग सूत्रातला पहिला श्रावक आनंद, वाणिज्यग्रामचा गृहस्थ. भगवान महावीरांकडून त्यानं बारा व्रतं घेतली. त्याच्याकडे चार कोटी सोनं साठ्यात, चार कोटी घरसंसारात आणि चार कोटी व्याजात-व्यापारात गुंतलेलं होतं, असं सूत्र सांगतं. व्रत घेताना त्यानं आहे त्याची मर्यादा बांधली. व्यापार सोडला नाही. म्हणजे पैसा फिरवणं हा दोष नव्हता.

दोष कुठला, तो फार बारकाईनं सांगितला आहे, आणि ही बारकाई व्यापाऱ्याला ओळखणाऱ्या माणसाची आहे. दुसऱ्या व्रतात मोठी खोटी पाच मानली आहेत: कन्येविषयी, गायीगुरांविषयी, भूमीविषयी, ठेवीविषयी, आणि खोटी साक्ष. भूमीविषयीचं खोटं वेगळं काढून ठेवलंय, चऱ्होलीच्या बायांनी याची नोंद घ्यावी! त्याच व्रताच्या अतिचारांत कूडलेह. तिसऱ्या, अचौर्य व्रताच्या अतिचारांत खोटा तराजू आणि खोटं माप, चोरीचा माल घेणं, एक दाखवून दुसरं विकणं. चोरी न करण्याच्या व्रतात माप घातलंय, हे लक्षात घ्या. खोटं माप वापरणाऱ्याला आपण चलाख म्हणतो, सूत्र त्याला चोराच्या रांगेत बसवतं.

एका साध्वीजींना मी विचारलं, कागद कायद्यानं खरा असेल पण समोरच्याला चुकीचा सांगितला असेल, तर तो कूडलेह होतो का? त्या हसल्या. म्हणाल्या, व्रत कागदानं घेतलंय का? व्रत घेणाऱ्यानं घेतलंय, त्यानं स्वतःला विचारावं. मला ते उत्तर तेव्हा पळवाटीसारखं वाटलं होतं. आता वाटत नाही. १८७५ च्या कोर्टानं कागदाला विचारलं, म्हणून ते फसलं.

दंग्यानंतर जे झालं त्यात या विषयाचा खरा इतिहास आहे. सरकारनं आयोग नेमला, त्याचा अहवाल १८७८ साली ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला. मधे १८७६ ते ७८ चा भीषण दुष्काळ पडला. १८७९ साली, ज्या वर्षी वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड झालं त्याच वर्षी, दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांसाठी. त्यातली कलमं मी वाचली आणि थक्क झाले. कोर्टानं नुसता कागद पाहायचा नाही, त्याच्या मागे जाऊन व्यवहार मुळापासून तपासायचा. मुद्दल वेगळं, व्याज वेगळं काढायचं. शेतकऱ्याचा कागद गावच्या निबंधकासमोर लिहायचा, पैसे किती आणि कशापोटी ते त्यात पुरतं यायला हवं. फेडलेल्या रकमेची पावती द्यायची. मागितला तर वर्षाचा हिशेब लेखी द्यायचा, पासबुकात मांडून द्यायचा. कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचं नाही.

पावती द्या. हिशेब दाखवा. लिहिलंय ते आणि दिलंय ते एकच असू द्या. यातलं कुठलं कलम आपल्या व्रतांत आधीपासून नव्हतं? आपण ते स्थानकात म्हणत होतो. दुकानात ते आणायला कुणब्यांना कागद जाळावे लागले आणि सरकारला कायदा करावा लागला. (कायद्यानं सगळं सुरळीत झालं असं नाही. सावकारांनी हात आखडला, गरजवंताला कर्ज मिळेना, आणि काहीजण कर्जरोख्याऐवजी सरळ खरेदीखतच लिहून घेऊ लागले. पळवाट शोधायला आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही.)

पण या कथेत आपल्यातली दुसरीही माणसं आहेत. नगरचे कुंदनमल फिरोदिया आपल्यापैकी अनेकींना नावानं माहीत असतील. स्थानकवासी जैन, वकील, स्वातंत्र्यलढ्यातले कार्यकर्ते. नवलमल आणि हस्तीमल फिरोदिया हे त्यांचे मुलगे. आकुर्डीतल्या बजाज टेम्पोमुळे आणि कायनेटिकच्या लुनामुळे ते नाव आपल्या औद्योगिक पट्ट्यात घरोघरी गेलं. कुंदनमलजी १९४६ ते १९५२ मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. मुंबई सावकारी कायदा झाला तो त्याच काळात. सावकाराला परवाना, ठरलेल्या नमुन्यात रोजकीर्द आणि खातेवही, ऋणकोला पावती आणि हिशेबाचा उतारा, व्याजाला कमाल मर्यादा. सुप्याला ज्यांचे कागद जळले त्या समाजाचा एक माणूस अध्यक्षाच्या खुर्चीत असताना सावकाराच्या वहीला शिस्त लावणारा कायदा व्हावा, याचा मला अभिमान वाटतो. देणगीच्या पाट्यांपेक्षा जास्त वाटतो, हेही लिहून टाकते.

पुढचा प्रवास भरभर सांगते. १९६६ साली मुंबईत जे. आर. डी. टाटा, रामकृष्ण बजाज वगैरे उद्योगपतींनी मिळून व्यापारात रास्त वागणूक असावी म्हणून संघटना काढली. तेव्हा टंचाई होती आणि व्यापारी म्हटलं की साठेबाज, भेसळवाला असं लोकांच्या मनात बसलं होतं. टाटा आणि बजाज, दोघांचे कारखाने आपल्या पिंपरी-आकुर्डीत. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या कॉलेजांत व्यवसायनीती हा स्वतंत्र विषय म्हणून रुजला, तिथून तो आपल्या मुलांच्या एमबीएच्या पुस्तकात आला. माझ्या भाच्यानं त्याचं पुस्तक दाखवलं. त्यात कंपन्यांचे मोठमोठे घोटाळे आहेत, सुपे नाही. महाराष्ट्रात २०१४ साली नवा सावकारी कायदा आला, आणि बेकायदा सावकारीत बळकावलेली जमीन परत करण्याचे अधिकार सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाला मिळाले. रेरा आला २०१६ चा, आपल्याकडे लागू झाला मे २०१७ पासून. त्याआधी फ्लॅट कसा विकला जायचा आठवतंय ना? सुपर बिल्टअप हजार फूट, आणि आत टेप लावली तर भिंती, जिना, लॉबी सगळं त्या हजारात. रेरानं सांगितलं, चटईक्षेत्र लिहा. खोटं माप म्हणून तिसऱ्या व्रतात जे आहे ते हेच की!

चऱ्होली १९९७ साली महापालिकेत आली. तेव्हापासून इथली शेती गुंठ्यागुंठ्यानं प्लॉट होत गेली. इंद्रायणीकाठची जमीन, आळंदी हाकेच्या अंतरावर, रस्ते झाले, भाव चढले. विकणारे जुने शेतकरी, घेणारे आणि मधले पुष्कळदा आपण. करडे आणि सुपे इथून लांब आहेत असं मला आता वाटत नाही.

मावशींच्या कागदाचं काय झालं, तर घरात चार दिवस कोणी नीट जेवलं नाही. दीर म्हणाले, "भाभी, सगळा पिंपरी-चिंचवड असाच चाललाय." मी म्हटलं, असेल, पण त्यात माझी सही नाही. सासूबाई, ज्या एरवी माझ्या बाजूनं क्वचितच बोलतात, त्या एवढंच म्हणाल्या, "उद्या तिला नातीसकट बोलव." मावशी नातीला घेऊन आल्या. नातीनं कागद मोठ्यानं वाचला, मधे दोनदा थांबून आमच्याकडे पाहिलं. कुलमुखत्यारपत्र रीतसर रद्द केलं, रद्दलेख त्यांच्या हाती दिला. साठेखत नव्यानं केलं, नोंदवलं, प्रत त्यांना दिली. वाचल्यावर मावशींनी भाव वाढवून मागितला, आणि आम्हाला तो द्यावा लागला. यजमानांना ते अजून खुपतं. मावशी आता गल्ल्यावर येतात, पण पूर्वीसारख्या बसत नाहीत. काम झालं की जातात.

मग मी फर्मची सगळी फाइल मागितली. माझ्या सहीचे आणखी नऊ कागद निघाले. रोज दुपारी, दुकानात गर्दी नसते तेव्हा वाचते. सहा झाले. त्यातल्या दोघांच्या घरी जाऊन आले. एका घरी चहा मिळाला, एका घरी दारातूनच बोलणं झालं. तीन कागद राहिलेत, आणि येत्या संवत्सरीला अजून पाच आठवडे आहेत.